वजा एक पॉइंट चार

३ फेब्रुवारी

बाबांच्या ऑपरेशनची तारीख मिळाली. १९ मे. किडनी आत्याची, म्हणजे बाबांच्या मोठ्या बहिणीची. तपासण्या जुळल्या, दोघांचे छातीचे एक्स-रे स्वच्छ. सर्जनची अट एकच: तोपर्यंत बाबांना कसलंही इन्फेक्शन नको. ताप आला तर तारीख गेली समजा. आणि अंगात काही लपून राहिलं आणि तसंच ऑपरेशन झालं तर त्याहून वाईट, कारण नंतरच्या औषधांनी प्रतिकारशक्ती मुद्दाम खाली आणतात. लपलेलं मग मोकाट सुटतं.

म्हणून आजपासून घर माझ्या ताब्यात. आई मायेने करते, पण माया हे मोजमाप नव्हे. मी कॅलिब्रेशन लॅबमध्ये आहे, तापमान विभागात. कारखान्यांचे, दवाखान्यांचे थर्मामीटर आमच्याकडे येतात. आम्ही ते आमच्या प्रमाणित थर्मामीटरच्या शेजारी पाण्याच्या बाथमध्ये धरतो आणि कोणता किती चुकतो ते सांगतो. दिवसभर अनोळखी लोकांसाठी करते तेच आता घरी करायचं. साडेतीन महिन्यांचा प्रोजेक्ट. अवघड काही नाही.

घरात मधुमेही दोन. बाबा आणि मी. मी तर शाळेत असल्यापासून इन्सुलिनवर. बाबांच्या किडन्या गेल्या, आठवड्यातून तीनदा डायलिसिस. माझं सगळं शाबूत आहे, कारण मी मोजते. बाबांनी जन्मभर ड्रायव्हिंग स्कूल चालवलं. शुगरच्या बाबतीत मात्र आरशात न बघताच गाडी रिव्हर्स घेतली, असं ते स्वतःच सांगतात.

स्वतःचा संकल्प: मेपर्यंत चार किलो वजन कमी.

६ फेब्रुवारी

नियम लागू. बाहेरच्यांना मास्कशिवाय प्रवेश नाही, घरच्यांना मास्कची गरज नाही. शेजारच्या काकू दारात शिंकल्या, त्यांना तिथूनच परत पाठवलं. आई म्हणाली, अगं, त्या बाईच्या शिंकेवर आम्ही घड्याळ लावतो, इतकी वर्षं शिंकतेय, आजच कसली साथ आली? बाबा म्हणाले, इंजिनिअर, सिग्नल दिसायच्या आधीच ब्रेक मारलास.

माझा खोकला अजून आहे. लॅबमध्ये यंत्रांसाठी एसी कायम चालू असतो, हवा कोरडी. त्याला इन्फेक्शन म्हणत नाहीत.

१४ फेब्रुवारी

वजन सव्वा किलोने कमी! व्यायाम अजून सुरू केलेला नाही. केल्यावर काय होईल?

लॅबमध्ये वजन विभागातला ग्रॅम म्हणाला, मॅडम, अशाच चालू राहिलात तर माझ्या छोट्या काट्यावर घ्यावं लागेल तुम्हाला. त्याचं खरं नाव कोणी घेत नाही. स्वतः काडीसारखा आहे आणि दिवसभर चिमट्याने वजनं उचलतो, म्हणून ग्रॅम. मग आवाज खाली आणून म्हणाला, त्याच्या मावसभावाला असाच खोकला होता, असंच वजन उतरलं, टीबी निघाला. एकदा दाखवून घ्या.

मी शांतपणे सांगितलं की मावसभाव म्हणजे एक नमुना, आणि एका नमुन्यावरून निष्कर्ष काढायचा नसतो. टीबी ज्यांचं स्वतःकडे लक्ष नसतं त्यांना होतो. माझ्याकडे तीन वर्षांच्या शुगरचे आलेख आहेत, रंगीत.

२६ फेब्रुवारी

रात्री घामाने जाग येते, उशीसुद्धा भिजते. शुगर पडत असणार, मधुमेहींना हे माहीत असतं. तीन बिस्किटं खाल्ली, मग मोजली: २६२. म्हणजे आधी पडली असणार आणि मग उसळून वर गेली. पडलेली असताना मोजता आली नाही, एवढंच.

उद्यापासून आधी मोजायचं, मग खायचं.

२७ फेब्रुवारी

खाल्लं, मग मोजलं.

४ मार्च

बाबांसाठी नवा डिजिटल थर्मामीटर आणला. बाबांना लावण्याआधी यंत्राची ओळख करून घ्यावी म्हणून संध्याकाळी स्वतःला लावला. ९९.८. स्वस्तातला घेतला, त्याचं हे फळ.

९ मार्च

निष्कर्ष लिहून ठेवते.

गेले काही दिवस रोज संध्याकाळी त्याच वेळी, त्याच खुर्चीत स्वतःला थर्मामीटर लावला. रोज ९९.८ च्या आसपास. मला ताप नाही हे माहीत आहे; मी रोज कामावर जाते, तापातला माणूस जात नाही. म्हणजे जास्तीचं जे येतंय ते यंत्राचं. कधी वर, कधी खाली असं चुकणारं यंत्र फेकून द्यावं लागतं. रोज तेवढंच चुकणारं यंत्र मात्र भरवशाचं असतं, त्याला फक्त दुरुस्ती लावायची. सकाळी तोच थर्मामीटर ९८.४ दाखवतो. सकाळी खोली गार असते, बॅटरी मंद चालत असेल.

खरं तर बाथमध्ये तपासायला हवा. पण घरच्या वस्तू लॅबच्या बाथमध्ये बुडवायच्या नाहीत असा नियम आहे. नियम मीच केला आहे, ग्रॅमने तिथे अंडी उकडायचा विषय काढला तेव्हा. स्वतःचा नियम स्वतःसाठी मोडणाऱ्यांतली मी नाही.

लेबल प्रिंटरवर पिवळा स्टिकर काढला. दुरुस्ती: वजा १.४. खाली माझी सही. थर्मामीटरच्या पाठीवर चिकटवला. फार बरं वाटलं.

१० मार्च

आईला समजावलं: आकडा आला की त्यातून एक पॉइंट चार वजा करायचे आणि मग बोलायचं. आई म्हणाली, आधी वजा करून दाखवणाराच का नाही आणलास? तरी शिकली. शाळेत गणितात बरी होती म्हणे.

सराव म्हणून आईने स्वतःला लावला. ९८.२, वजा करून ९६.८. आईने विचारलं, मग मी निम्मी गेलेच की काय? मी सांगितलं, तुझी प्रकृती मुळात थंड. बाबा पलंगावरून म्हणाले, लग्न झालं तेव्हा तसं वाटलं नव्हतं. आईने त्यांच्याकडे ज्या नजरेने बघितलं ती मोजायचं यंत्र आमच्याकडे नाही.

बाबा: ९९.६, वजा करून ९८.२. उत्तम.

२२ मार्च

बाबा दमतात. डायलिसिस. बाबांना भूक नाही. डायलिसिस. रात्री त्यांना थंडी वाजते, दुलईवर दुलई. डायलिसिस. आमच्या घरात प्रत्येक लक्षणाला मालक आधीच ठरलेला आहे, नव्याला जागाच नाही. हे एका अर्थी सोयीचं आहे, उगाच शोधाशोध करावी लागत नाही.

माझा खोकला: एसी. घाम: शुगर. वजन: संकल्प. साडेतीन किलो गेले. व्यायाम पुढच्या सोमवारपासून.

२ एप्रिल

शुगरच्या डॉक्टरांची तीन महिन्यांची भेट होती. शुगर सध्या वर आहे, इन्सुलिन वाढवूनही बसत नाही. असे आकडे घेऊन गेलं की डॉक्टर बोलतात. फोन करून सांगितलं, आकडे नीट झाले की येते. रिसेप्शनिस्ट म्हणाली, मॅडम, आमच्याकडे आकडे बिघडले की येतात. कुजकट बाई.

इन्सुलिन खराब झालेलं असणार. फ्रिजचं तापमान तपासायला घेतलं. फ्रिज ठीक आहे. म्हणजे वाहतुकीत खराब झालं.

११ एप्रिल

बाबा संध्याकाळी १००.८. आईने ओरडूनच सांगितलं, मग बोटांवर वजाबाकी केली आणि म्हणाली, नव्याण्णव पॉइंट चार, हे थोडं जास्तच नाही का गं? मी म्हणाले, डायलिसिसच्या दिवशी चालतं. आई लगेच निवांत झाली. म्हणाली, तू आहेस म्हणून, नाहीतर मी घाबरून डॉक्टरांना फोन केला असता.

हे वाक्य इथे मुद्दाम लिहिलं आहे. घरात कोणी कौतुक करत नाही अशी माझी जुनी तक्रार आहे.

डायलिसिसच्या टेक्निशियननेही बाबांना म्हटलं होतं, काका, अंग कोमट लागतंय. बाबांनी सांगितलं, घरी नॉर्मल असतं, मुलगी याच खात्यात आहे. तो पुढच्या पेशंटकडे गेला. तिथे मोजतात ते सकाळी. सकाळी सगळं ठीकच असतं.

२० एप्रिल

हॉस्पिटलच्या कोऑर्डिनेटरचा फोन. ऑपरेशनला महिना राहिला म्हणून नेहमीचे प्रश्न. ताप? नाही, रोज मोजतो, दुरुस्तीसह. ती म्हणाली, कशासह? मी म्हणाले, काही नाही, नॉर्मल. घरात कोणाला खोकला, तीन आठवड्यांपेक्षा जास्त? मी म्हणाले, नाही. हे शब्दशः खरं आहे. माझा खोकला घरचा नाही, लॅबचा आहे.

बोलताना ढास लागली म्हणून फोन म्यूट केला. मग तिने विचारलं, हॅलो, आहात ना? मी म्हणाले, रेंजचा प्रॉब्लेम.

२७ एप्रिल

बाबा १०१.२, वजा करून ९९.८. यंत्राची चूक वाढत चालली आहे. दुरुस्ती वजा १.८ करावी का, असा विचार आला. पण दुरुस्ती सारखी बदलणं चांगल्या लॅबचं लक्षण नाही. आहे तीच ठेवली.

बाबांना श्वास थोडा लागतो. अंगात पाणी साठलं असेल, पुढच्या डायलिसिसला जास्त काढतील. कालच त्यांना गाडीने आणताना बघितलं, मी वळण घेतलं की त्यांचा उजवा पाय नसलेला ब्रेक दाबतो. अजून इतके सावध आहेत.

३ मे

आत्या राहायला आली. शाळेत पीटी शिकवायची, निवृत्त झाली तरी आवाजातली शिट्टी गेलेली नाही. दारातच मला बघून म्हणाली, मोजपट्टी, तुझं काय झालं? हँगरला कपडे लावल्यासारखी दिसतेयस. मी सांगितलं, सहा किलो कमी केले. म्हणाली, केलेस की झाले?

संध्याकाळी आईने तिला थर्मामीटर लावला. ९८.४, वजा करून सत्त्याण्णव. आत्या म्हणाली, हे वजा कशाला? आईने स्टिकर दाखवला. आत्या म्हणाली, अगं, मी एक किडनी देतेय ती देतेय, निदान ताप तरी पूर्ण राहू द्या. सगळे हसले, मीसुद्धा. हसताना खोकला आला आणि लवकर थांबला नाही. आत्या एकटीच हसायची थांबली होती.

६ मे

आत्या बाजारातून दुसरा थर्मामीटर घेऊन आली. न विचारता. स्वतःला लावला: ९८.४. आईला लावला: ९८.२. मला लावला: १००.४. बाबांना लावला: १०१.४.

मी समजावलं की सगळी स्वस्त यंत्रं एकाच ठिकाणी बनतात, त्यामुळे चूकही एकाच ठिकाणची असते. आत्या म्हणाली, माझ्यात आणि तुझ्या आईत ती चूक का शिरत नाही मग? तुम्ही दोघं गोड म्हणून?

पीटीच्या शिक्षकांशी वाद घालून उपयोग नसतो, ते मैदानाला फेऱ्या मारायला लावतात. तिने तेच केलं. म्हणाली, दोन्ही उचल आणि घेऊन जा तुझ्या त्या पाण्याच्या टाकीत. आणि मला येऊन सांग.

७ मे

टाकी नव्हे, बाथ.

९ मे

शनिवार. लॅबमध्ये फक्त ग्रॅम होता. दोन्ही थर्मामीटर बाथमध्ये धरले. माणसाच्या नेहमीच्या तापमानाला दोन्ही बरोबर. मग बाथ तापाच्या पातळीवर नेला. दोन्ही बरोबर. आमचा प्रमाणित थर्मामीटर बदलून पुन्हा घेतलं. दोन्ही बरोबर. बॅटरीची शंका म्हणून घरचा थर्मामीटर गार करून पुन्हा. बरोबर.

ग्रॅमने न सांगता हिरवा स्टिकर काढून दिला, पास झालेल्या यंत्रांना लावतात तो. म्हणाला, मग आता अंडी चालतील का मॅडम? मी दोन्ही थर्मामीटर पुन्हा बाथमध्ये धरले. तो म्हणाला, मॅडम, पाणी आणू का?

खोकल्यानंतर रुमालावर गुलाबी ठिपका. मधुमेहींच्या हिरड्या नाजूक असतात.

हिरवा स्टिकर पर्समध्ये ठेवला. पिवळा काढायचा राहिला.

१० मे

सांगायचं ठरवलं आहे. फक्त सांगण्याची रीत ठरवायची आहे. सगळ्यांना एकत्र बसवून, घाबरवून न सोडता. आत्याने विचारलं, काय निघालं? मी म्हणाले, रिपोर्ट तयार व्हायचाय. आमच्याकडे रिपोर्टला वेळ लागतो हे तिला माहीत आहे.

१२ मे

आज सांगणार होते. बाबा सकाळी ९८.६, काही वजा न करता. म्हणजे एवढं काही नाही. शिवाय आज ते खुशीत होते. ऑपरेशननंतर आपण पाणी पोटभर पिणार, असं म्हणाले. डायलिसिसमुळे दिवसाला मोजून दोन पेले मिळतात. आत्याला म्हणाले, ताई, तुझ्या किडनीने मी पहिल्यांदा काय करणार माहितेय? आत्या म्हणाली, सांगू नकोस, मला कळलं. आई हसून हसून भिंतीला टेकली.

अशा वेळी कसं सांगणार?

१४ मे

१७ तारखेला दोघांना भरती करायचं आहे. हॉस्पिटल सगळं नव्याने तपासणार. एकच गोष्ट दोन ठिकाणी मोजण्यात अर्थ नाही. त्यांची यंत्रं चांगली आहेत, आमच्याकडेच येतात तपासायला.

१५ मे

आत्याने पुन्हा विचारलं. मी म्हणाले, किरकोळ फरक आहे. ती म्हणाली, तू लहानपणी पडलीस की आधी फरशीला दोष द्यायचीस.

मला आठवत नाही.

१७ मे

भरती झाली. दुपारी बाबांचा एक्स-रे. उजव्या छातीत अर्ध्यापर्यंत पाणी, आणि ते डायलिसिसचं नाही.

सर्जननी बाहेर बोलावून सांगितलं, ऑपरेशन रद्द. पुढे ढकललं नाही, रद्द. बहुधा टीबी. ताप कधीपासून आहे? आई म्हणाली, ताप नाहीच डॉक्टर, रोज मोजतो. मग डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं, कारण नेमकी तेव्हाच मला ढास लागली. त्यांनी खिशातून मास्क काढून माझ्या हातात दिला आणि दोन पावलं मागे सरकले. दोन पावलं मागे सरकणारे ते या साडेतीन महिन्यांतले पहिलेच. घरात आम्ही काकूंना सरकवलं होतं.

आत्या बेडवर हॉस्पिटलचा गाऊन घालून तयार बसली होती. कळल्यावर म्हणाली, म्हणजे तपासण्यांसाठी सकाळपासून उपाशी राहिले ते फुकटच. आणि भिंतीकडे तोंड केलं.

१८ मे

बाबा १०२. नर्सने मोठ्याने सांगितलं. आई नर्सला म्हणाली, त्यातून एक पॉइंट चार वजा करा हं. नर्स म्हणाली, का हो? आई म्हणाली, माझी मुलगी कॅलिब्रेशनमध्ये आहे, तिने सांगितलंय. नर्सने आईला खुर्ची दिली आणि पाणी दिलं. तिला वाटलं, आई भ्रमात बोलतेय.

मी दाराबाहेर होते. आत जाऊन सांगता आलं असतं. पण मला आत जायची परवानगी नाही.

२१ मे

माझी थुंकी तपासली. पॉझिटिव्ह. डाव्या फुप्फुसात खड्डा आहे, छातीचे डॉक्टर म्हणाले, काही महिन्यांचा असावा. मधुमेहींना हा आजार दुपटी-तिपटीने होतो आणि शुगर चढती असेल तर लवकर पसरतो. आणि डायलिसिसवरच्या माणसाला तर दार उघडंच असतं. हे त्यांनी रागावून सांगितलं नाही. रागावले असते तर उत्तर देता आलं असतं.

मी विचारलं, आधी कोणाला झाला? माझ्याकडून त्यांना की त्यांच्याकडून मला की डायलिसिस सेंटरमधून दोघांना? आमच्या कामात प्रत्येक आकड्याचा माग मूळ प्रमाणापर्यंत काढता येतो. डॉक्टर म्हणाले, ते कळणार नाही, आणि कळून आता गोळ्या बदलणार नाहीत.

डायलिसिस सेंटर असण्याची शक्यता मला जास्त वाटते. तिथे खिडक्या उघडत नाहीत.

आई आणि आत्या दोघींच्या तपासण्या निगेटिव्ह. मी मागच्या खोलीत, खिडकी उघडी, मास्क लावून. आई ताट दाराशी ठेवते.

२६ मे

बाबांचा फोन. आवाज अगदी बारीक. पाणी काढलं छातीतलं, पुन्हा साठतंय. गोळ्या किडनीमुळे जपून द्याव्या लागतात, आणि लिव्हर त्याही घ्यायला तयार नाही. आधी विचारलं, इंजिनिअर, जेवलीस का? मग म्हणाले, तो थर्मामीटर बरोबर दाखवत होता ना गं? मी फोन दुसऱ्या कानाला लावला. ते म्हणाले, मला वाटलंच होतं. अंग आपलं असतं, कळतं. पण तारीख हवी होती मला. तू वजा करायचीस, मला बरं वाटायचं. आपण दोघांनी मिळून सिग्नल तोडला बघ.

मी म्हणाले, बाबा, नीट ऐकू येत नाहीये, रेंजचा प्रॉब्लेम आहे.

ते म्हणाले, बरं. मग परत करतो.

३० मे

फोन मीच करणार आहे. काय बोलायचं ते मुद्द्यांनी लिहून काढते आधी.

१ जून

मुद्दे तयार. काल त्यांचा डायलिसिसचा वार होता, दमलेले असतील. उद्या.

२ जून

बाबा गेले. सकाळी, डायलिसिस चालू असताना बीपी पडलं. आत्या जवळ होती. म्हणाली, शेवटी चादरीखाली उजवा पाय दाबत होते सारखा.

मला जाता आलं नाही.

१९ जून

हॉस्पिटलमधून आणलेली बाबांची पिशवी आईने आज सोडली. चष्मा, मोजे, चार्जर, थर्मामीटर. थर्मामीटर पुसून माझ्या दाराशी ठेवला. म्हणाली, आता तुझ्यासाठी वापरू.

पिवळा स्टिकर काढला. सही फाटून निम्मी निघाली, बाकी गोंदासकट तिथेच राहिली. हिरवा लावायचा होता. पर्समध्ये सापडला नाही.

आत्या तिच्या घरी परत गेली. जाताना दाराबाहेरून म्हणाली, मोजपट्टी, गोळ्या चुकवू नकोस. बाकीचं आपण नंतर बोलू. अजून बोललेली नाही.

आईला सांगायचं आहे. खोलीबाहेर यायची परवानगी मिळाली की समोर बसून सांगेन. दाराआडून सांगण्यासारखी गोष्ट नाही.

२८ जून

छातीच्या डॉक्टरांनी परवानगी दिली. खोकला खूप कमी आहे. वजन अर्धा किलो वाढलं. पहिल्यांदाच वजन वाढल्याचा आनंद व्हायला हवा होता.

आई आणि मी एका टेबलावर जेवलो. समोरासमोर. ती बाबांच्या खुर्चीत बसली, म्हणजे मला ती रिकामी दिसू नये. आज नको. उद्या.

२९ जून

संध्याकाळी आई थर्मामीटर घेऊन आली. मला लावला. खिडकीशी उजेडात धरून आकडा बघितला. तिचे ओठ हलले, बोटं हलली. मग तिचा चेहरा उजळला. किती दिवसांनी. म्हणाली, अठ्ठ्याण्णव पॉइंट दोन, अगदी नॉर्मल, बघ तुझी गाडी रुळावर आली.

मी विचारलं, स्टिकर तर मी काढला, मग? आई म्हणाली, स्टिकर कशाला लागतो, मला तोंडपाठ आहे.

एकदा वाटलं, राहू दे. तिला तेवढंच.

मी म्हणाले, आई, वजा करू नकोस.

आईने थर्मामीटर पदराने पुसला. डबीत घातला. डबीचं झाकण लावलं.

मग म्हणाली, कधीपासून?